‘हॅज बीन’, ‘हॅव बीन’, ‘हॅड बीन’ : अर्थ, रचना आणि योग्य वापर

बँकेच्या खात्यातून पैसे वजा झाले की मोबाईलवर ‘युवर अकाउंट हॅज बीन डेबिटेड’ असा संदेश येतो, घरपोच मागवलेली वस्तू निघाली की ‘युवर ऑर्डर हॅज बीन शिप्ड’ असे कळते आणि बऱ्याच दिवसांनी भेटलेली व्यक्ती ‘हाऊ हॅव यू बीन?’ असे विचारते. ही वाक्ये वाचताना किंवा ऐकताना कोणाचे काही अडत नाही. रजेचा अर्ज, नोकरीसाठीचे पत्र किंवा महापालिकेकडे करायची तक्रार स्वतः लिहायची वेळ आली, की मात्र ‘बीन’ घालावा की नाही, घातला तर त्याच्या आधी ‘हॅज’ यावा की ‘हॅड’, आणि पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लावावा की नाही, अशा शंका एकदम उभ्या राहतात.

याचे एक कारण आपल्या शिकण्याच्या पद्धतीत आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्याआधी मराठी माध्यमात शिकलेल्यांनी ते पाचवीपासून घेतले आणि काळांचा बारा खणांचा तक्ता पाठ केला. त्या तक्त्यात वर्तमानकाळाच्या बाजूला ‘हॅव बीन’ एकाच खणात भेटतो : चालू पूर्ण वर्तमानकाळ, ‘मी करत आलो आहे’. मग बँकेच्या संदेशातल्या ‘हॅज बीन डेबिटेड’चा अर्थ ‘वजा होत आले आहेत’ असा लावायचा का? अर्थातच नाही. ती कर्मणी रचना आहे आणि ती प्रयोगांच्या धड्यात, काळांपासून दूर, वेगळी शिकवली जाते. ‘शी हॅज बीन इल’ हे तर दोन्हींत बसत नाही. एकाच रूपाचे उपयोग असे वेगवेगळ्या धड्यांत विखुरल्यामुळे त्यांचे एकमेकांशी असलेले नाते लक्षात येत नाही. दुसरे आणि माझ्या मते मोठे कारण म्हणजे मराठीतील ‘आहे’ आणि ‘होता’ इंग्रजीत जसेच्या तसे उतरवण्याची सवय. बहुतेक चुका तिथूनच निघतात, म्हणून या लेखात तिच्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

पहिली पायरी : रूप ओळखणे

‘बी’ म्हणजे असणे किंवा होणे. ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वर’ ही त्याचीच रूपे आहेत आणि ‘बीन’ हे त्याचे तिसरे रूप आहे. तिसरे रूप असल्यामुळे ‘बीन’ एकटा उभा राहू शकत नाही; त्याच्या आधी ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ यांपैकी एक, किंवा ‘टू हॅव’, ‘हॅविंग’ असे त्याच कुटुंबातले रूप लागतेच. ‘आय बीन वेटिंग’ असे गाण्यांत किंवा सैल बोलण्यात ऐकू येते, परंतु लेखी इंग्रजीत ते चालत नाही.

कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकवचनी नाम असेल तर ‘हॅज’. ‘आय’, ‘यू’, ‘वी’, ‘दे’ किंवा अनेकवचनी नाम असेल तर ‘हॅव’. आणि भूतकाळातील एखाद्या क्षणाच्याही आधीची गोष्ट सांगायची असेल तर कर्ता कोणताही असो, ‘हॅड’. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘पोलीस’ हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी मानतात, त्यामुळे ‘द पोलीस हॅव बीन इन्फॉर्म्ड’ असेच लिहावे. उलट ‘द लिस्ट ऑफ सिलेक्टेड स्टुडंट्स’ यात शेवटचा शब्द अनेकवचनी असला तरी लावली गेली आहे ती यादी, म्हणून ‘हॅज बीन पुट अप’.

‘बीन’ आणि ‘बीइंग’ यांची गल्लत उच्चारामुळे होते. ढोबळ नियम असा की ‘बीन’च्या आधी ‘हॅव’चे कुटुंब येते आणि ‘बीइंग’च्या आधी ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वर’ येतात. ‘युवर ॲप्लिकेशन इज बीइंग प्रोसेस्ड’ म्हणजे अर्जावर या क्षणी काम चालू आहे. ‘युवर ॲप्लिकेशन हॅज बीन प्रोसेस्ड’ म्हणजे काम झाले आहे. ‘इज बीन’ ही जोडी इंग्रजीत अस्तित्वातच नाही. ‘हीज बीन’ असे ऐकू आले किंवा संक्षेपाने लिहिलेले दिसले तर तो ‘ही हॅज बीन’ असतो, ‘ही इज बीन’ नव्हे.

दुसरी पायरी : काळ उघडा आहे की बंद, हे ठरवणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. ‘हॅज बीन’ किंवा ‘हॅव बीन’ लिहिण्याआधी स्वतःला विचारावे की मी बोलतो आहे तो काळ आताच्या क्षणापर्यंत पोचतो का. पोचत असेल तर ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ योग्य. तो काळ मागे कुठेतरी संपून बंद झाला असेल तर ‘वॉज’ किंवा क्रियापदाचे साधे दुसरे रूप.

उदाहरण म्हणून ‘मुंबई हॅज बीन द कॅपिटल ऑफ महाराष्ट्र सिन्स १९६०’ हे वाक्य पाहावे. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले, तेव्हापासून मुंबई राजधानी आहे आणि आजही आहे, म्हणून ‘हॅज बीन’. हेच आपण मराठीत सांगताना ‘मुंबई १९६० पासून महाराष्ट्राची राजधानी आहे’ असे साध्या वर्तमानकाळात सांगतो. ‘पासून’ हा एक शब्दच भूतकाळाचा धागा धरून ठेवतो, त्यामुळे क्रियापदाला काही करावे लागत नाही. इंग्रजीत तो भार क्रियापदावर येतो. ‘मुंबई इज द कॅपिटल सिन्स १९६०’ हे मराठी कानाला अगदी बरोबर वाटते ते यामुळेच, आणि इंग्रजी कानाला ते खटकते तेही यामुळेच.

मराठीच्या बाजूने अडचण उलट दिशेनेही येते. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘इन २०१९’, ‘टू डेज अगो’ यांपैकी काहीही वाक्यात आले की काळ बंद झाला आणि ‘हॅव’ला जागा उरली नाही. ‘आय हॅव बीन टू दिल्ली लास्ट इयर’ हे चूक. ‘आय वॉज इन दिल्ली लास्ट इयर’ किंवा ‘आय वेंट टू दिल्ली लास्ट इयर’ हे बरोबर. ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘धिस इयर’ हे काळ अजून चालू असतात, म्हणून ‘आय हॅव बीन टू दिल्ली ट्वाइस धिस इयर’ यात काही गैर नाही. ‘व्हेन’ने विचारलेला प्रश्न नेमकी वेळ मागतो, त्यामुळे ‘व्हेन हॅव यू बीन टू दिल्ली?’ असे विचारत नाहीत. ‘व्हेन डिड यू गो?’ असे विचारतात, आणि किती काळ हे जाणून घ्यायचे असेल तर ‘हाऊ लाँग हॅव यू बीन इन दिल्ली?’ असे.

याचा व्यवहारात किती फरक पडतो, हे नोकरीच्या मुलाखतीत दिसते. उमेदवार सांगतो, ‘आय हॅव बीन वर्किंग इन अ प्रायव्हेट बँक फॉर थ्री इयर्स’. ऐकणारा समजतो की हा अजून तिथेच आहे, आणि पुढचा प्रश्न नोटीस पीरियडचा येतो. ती नोकरी सुटली असेल तर ‘आय वर्क्ड इन अ प्रायव्हेट बँक फॉर थ्री इयर्स’ असेच म्हणायला हवे. म्हणजे मुलाखतीत व्याकरण चुकले एवढेच घडत नाही, माहितीच चुकीची पोचते. आणि नोकरी चालू असेल तेव्हा ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य टाळावे. त्यात ‘ॲम’ही चूक आहे आणि ‘सिन्स’ही.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’

मराठीत ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘२०१५ पासून’ या दोन्हींत एकच ‘पासून’ येतो. इंग्रजी इथे दोन वेगळे शब्द वापरते. जिथून सुरुवात झाली तो बिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’ : ‘सिन्स २०१५’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स मॉर्निंग’, ‘सिन्स चाइल्डहूड’. किती काळ, ती लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’ : ‘फॉर टेन इयर्स’, ‘फॉर टू डेज’, ‘फॉर अ लाँग टाइम’. शंका आलीच तर ‘पासून’च्या आधीचे शब्द कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येतात का ते पाहावे. सोमवार दाखवता येतो, दहा वर्षे दाखवता येत नाहीत.

‘सिन्स लाँग’, ‘फ्रॉम लास्ट टू इयर्स’ आणि ‘सिन्स टू डेज’ ही तीनही रूपे आपल्या कार्यालयीन पत्रव्यवहारात इतकी रुळली आहेत की ती चूक आहेत असे सांगितले तरी लोकांना पटत नाही. त्यांच्या जागी अनुक्रमे ‘फॉर अ लाँग टाइम’, ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ आणि ‘फॉर टू डेज’ लिहावे. ‘सिन्स’नंतर पूर्ण वाक्य आले तर बहुतेक वेळा ते साध्या भूतकाळात असते : ‘शी हॅज बीन हॅपी सिन्स शी मूव्ह्ड टू नाशिक’.

मराठीतील ‘झाली’ हे क्रियापदही इथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ‘आपण भेटून तीन वर्षे झाली’ याला ‘इट हॅज बीन थ्री इयर्स सिन्स वी मेट’ हे अगदी चपखल बसते. ‘आमच्या लग्नाला दहा वर्षे झाली’ याला ‘वी हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स’. मृत्यूबद्दल बोलताना मात्र ‘ही हॅज बीन डेड फॉर टू इयर्स’ हे व्याकरणाने बरोबर असूनही कोरडे वाटते. ‘इट हॅज बीन टू इयर्स सिन्स ही पास्ड अवे’ असे लिहिणे सभ्यपणाचे ठरते.

तिसरी पायरी : ‘बीन’नंतर काय येते, ते पाहणे

‘बीन’च्या पुढे जे येते त्यावरून अर्थ ठरतो. विशेषण, नाम किंवा स्थळ आले तर ‘असणे’ हा मूळ अर्थ कायम राहतो : ‘माय मदर हॅज बीन इल सिन्स संडे’, ‘ही हॅज बीन अ टीचर फॉर ट्वेल्व्ह इयर्स’, ‘अजंठा अँड वेरूळ हॅव बीन ऑन द वर्ल्ड हेरिटेज लिस्ट सिन्स १९८३’. याच प्रकारात ‘देअर हॅज बीन’ येतो आणि तो फार उपयोगी आहे. ‘काहीतरी चूक झाली आहे’ हे ‘देअर हॅज बीन अ मिस्टेक’ असे म्हटले की कोणाकडेही बोट न दाखवता काम होते. तिथेही पुढचे नाम अनेकवचनी असेल तर ‘देअर हॅव बीन मेनी कम्प्लेंट्स’ असे लिहिण्यास विसरू नये.

स्थळाच्या आधी ‘टू’ आला की अर्थ बदलतो, आणि हा बदल मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, फक्त दाखवावा लागतो. ‘ती कोल्हापूरला गेली आहे’ आणि ‘ती कोल्हापूरला जाऊन आली आहे’ यांत आपण कधी घोटाळा करत नाही. पहिल्याचे इंग्रजी ‘शी हॅज गॉन टू कोल्हापूर’, दुसऱ्याचे ‘शी हॅज बीन टू कोल्हापूर’. कार्यालयात कोणी चौकशीला आले आणि साहेब बाहेर असतील तर ‘ही हॅज गॉन टू द बँक’ असे सांगावे. ‘ही हॅज बीन टू द बँक’ असे सांगितले तर ऐकणारा साहेबांच्या केबिनकडे चालू लागेल. ‘हॅव यू एव्हर बीन टू महाबळेश्वर?’ हा प्रश्न अनुभव विचारतो आणि त्यात ‘एव्हर’ म्हणजे ‘कधीतरी’. ‘बीन इन’ हा पुन्हा निराळा : ‘वी हॅव बीन इन महाबळेश्वर सिन्स फ्रायडे’ म्हणजे आम्ही शुक्रवारपासून तिथेच मुक्कामाला आहोत. ‘हिअर’, ‘देअर’, ‘अब्रॉड’ यांच्या आधी ‘टू’ येत नाही. ब्रिटिश बोलण्यात ‘हॅज द पोस्टमन बीन?’ असा स्थळाशिवायचा प्रयोगही आढळतो. त्याचा अर्थ ‘पोस्टमन येऊन गेला का?’ एवढाच.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. शेक्सपियरच्या काळातल्या इंग्रजीत येणे-जाणे दाखवणाऱ्या क्रियापदांना ‘हॅज’ऐवजी ‘इज’ लावण्याची रीत होती, ‘ही इज कम’ म्हणजे ‘तो आला आहे’. आपल्या ‘आला आहे’ची घडण तशीच आहे. पुढे ‘हॅव’ने जवळजवळ सर्व जागा घेतली आणि ‘ही इज गॉन’सारखे थोडेच अवशेष उरले. तेव्हा ‘ही इज कम’ असे लिहून बसणारा विद्यार्थी अगदीच तर्क सोडून वागतो असे म्हणता येत नाही; आजच्या परीक्षेत मात्र त्याला गुण मिळणार नाहीत.

‘बीन’नंतर ‘इंग’चे रूप आले तर क्रिया मागे कधीतरी सुरू होऊन आतापर्यंत चालत आली आहे, किंवा नुकतीच थांबली असून तिच्या खुणा समोर दिसत आहेत, असा अर्थ होतो. ‘द डेक्कन क्वीन हॅज बीन रनिंग सिन्स १९३०’ हे पहिल्याचे उदाहरण. अंगणात चिखल पाहून ‘इट हॅज बीन रेनिंग’ म्हणणे हे दुसऱ्याचे. त्या क्षणी पाऊस पडत असलाच पाहिजे असे नाही. ‘आय हॅव बीन रीडिंग युवर रिपोर्ट’ आणि ‘आय हॅव रेड युवर रिपोर्ट’ यांतला फरकही जाणून घ्यावा. पहिल्यात वाचन चालू आहे आणि अहवाल बहुधा संपलेला नाही. दुसऱ्यात वाचून झाला. वरिष्ठांनी ‘वाचलात का?’ असे विचारले असता पहिले वाक्य उत्तर म्हणून द्यायचे की दुसरे, हे ज्याचे त्याने ठरवावे. किती वेळ हे सांगायचे तर ‘इंग’चे रूप सोयीचे, किती नग झाले हे सांगायचे तर साधे तिसरे रूप : ‘शी हॅज बीन मेकिंग मोदक सिन्स मॉर्निंग’, पण ‘शी हॅज मेड फिफ्टी मोदक’.

तथापि सर्वच क्रियापदांना ‘इंग’ लागत नाही. ओळखणे, जवळ असणे, आवडणे, विश्वास असणे यांत काही ‘करणे’ नसते, स्थिती असते. म्हणून ‘मी तिला लहानपणापासून ओळखतो’ याचे ‘आय नो हर सिन्स चाइल्डहूड’ हेही चूक आणि ‘आय हॅव बीन नोइंग हर’ हेही चूक. ‘आय हॅव नोन हर सिन्स चाइल्डहूड’ हे बरोबर. दवाखान्यात ‘आय ॲम हॅविंग फीवर सिन्स टू डेज’ असे सांगितले जाते आणि डॉक्टरांना ते समजतेही, पण नीट वाक्य ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज’ असे आहे. ‘हॅव हॅड’ विचित्र वाटत असेल तर ‘आय हॅव बीन फीवरिश फॉर टू डेज’ म्हणावे. काम तेच होते.

‘बीन’नंतर क्रियापदाचे तिसरे रूप आले तर रचना कर्मणी होते : काम झाले, कोणी केले ते महत्त्वाचे नाही किंवा सांगायचे नाही. बँका, रेल्वे, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांची भाषा बव्हंशी याच रचनेवर चालते, कारण तिथे काम महत्त्वाचे असते, ते करणारा कारकून नव्हे. ‘युवर कम्प्लेंट हॅज बीन रजिस्टर्ड’ म्हणजे तक्रार नोंदवली गेली आहे. इथेही दुसऱ्या पायरीचा नियम सुटत नाही. ‘मराठी हॅज बीन ग्रँटेड द स्टेटस ऑफ अ क्लासिकल लँग्वेज’ हे वाक्य दर्जा मिळाला आहे आणि तो आज आहे एवढे सांगते. तारीख घालताच ते ‘मराठी वॉज ग्रँटेड द स्टेटस ऑफ अ क्लासिकल लँग्वेज ऑन ३ ऑक्टोबर २०२४’ असे होते. बातमीचा मथळा किंवा पहिले वाक्य ‘हॅज बीन’ने आणि तपशील ‘वॉज’ने, ही इंग्रजी वृत्तपत्रांची नेहमीची वहिवाट त्यातूनच आली आहे.

पूल कित्येक वर्षे बांधला जात आहे, असे सांगायचे झाले तर व्याकरण ‘हॅज बीन बीइंग बिल्ट’ अशी रचना पुरवते. ती वापरू नये. ‘द ब्रिज हॅज बीन अंडर कन्स्ट्रक्शन फॉर सिक्स इयर्स’ हे स्वच्छ आहे.

चौथी पायरी : ‘हॅड बीन’ आणि मराठीतील ‘होता’

‘मी काल पुण्याला गेलो होतो.’ या वाक्याचे इंग्रजी विचारले तर दहापैकी निम्म्याहून अधिक जण ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ किंवा ‘आय हॅड बीन टू पुणे यस्टरडे’ असे सांगतील, असा माझा अंदाज आहे. मराठीतील ‘गेलो होतो’ हे रूप गोष्ट घडली आणि आता ती परिस्थिती राहिली नाही, मी परत आलो, एवढे सुचवते. त्यासाठी दुसऱ्या कोणत्याही घटनेची गरज त्याला लागत नाही. इंग्रजीतील ‘हॅड’ला मात्र ती लागते. भूतकाळात एक खूण आधी ठरलेली असावी, आणि त्या खुणेच्याही मागे जायचे असावे, तरच ‘हॅड’ येतो. नुसत्या ‘काल पुण्याला गेलो होतो’ला ‘आय वेंट टू पुणे यस्टरडे’ पुरेसे आहे.

आता खूण असलेले वाक्य पाहू. ‘गोवा हॅड बीन अंडर पोर्तुगीज रूल फॉर मोर दॅन फोर हंड्रेड इयर्स व्हेन इट वॉज लिबरेटेड इन १९६१’. १९६१ ची मुक्ती ही खूण. १५१० पासूनची राजवट तिच्या मागे पसरलेली. म्हणून ‘हॅड बीन’. मुक्तीचा उल्लेख काढून टाकला तर ‘गोवा वॉज अंडर पोर्तुगीज रूल फॉर मोर दॅन फोर हंड्रेड इयर्स’ एवढेच उरते आणि ‘हॅड’ची गरज संपते. आजच्या स्थितीसाठी ‘गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स १९८७’. एकाच प्रदेशाच्या इतिहासात तीनही रूपे अशी आपापल्या जागी बसतात.

खूण दर वेळी त्याच वाक्यात असेल असे नाही; ती आधीच्या वाक्यातही असू शकते. ‘वी रीच्ड द स्टेशन ॲट नाइन. द ट्रेन हॅड बीन कॅन्सल्ड.’ नऊ वाजता आम्ही पोचलो, गाडी त्याआधीच रद्द झालेली होती. दुसऱ्याचे बोलणे कळवतानाही हेच होते : तो म्हणाला ‘आय हॅव बीन इल’, आपण कळवतो ‘ही सेड ही हॅड बीन इल’.

अटीच्या वाक्यात ‘हॅड बीन’चा काळाशी संबंध सुटतो आणि जे घडले नाही त्याची कल्पना येते. ‘मी तिथे असतो तर त्याला थांबवले असते’ याचे इंग्रजी ‘इफ आय हॅड बीन देअर, आय वुड हॅव स्टॉप्ड हिम’ असे होते. ‘इफ’च्या भागात ‘वुड हॅव बीन’ घालण्याचा मोह टाळावा.

अंदाज, अपेक्षा आणि भविष्य

‘मस्ट’, ‘माइट’, ‘कुड’, ‘शुड’, ‘विल’ यांच्यानंतर कर्ता कोणताही असला तरी ‘हॅव बीन’च येतो, ‘हॅज बीन’ कधीही नाही. ‘ही मस्ट हॅव बीन टायर्ड’ म्हणजे तो थकला असणार. ‘शी माइट हॅव बीन ॲट होम’ म्हणजे ती कदाचित घरी असेल, त्या वेळी. ‘यू शुड हॅव बीन देअर’ म्हणजे तुम्ही तिथे असायला हवे होते. शेवटच्या वाक्यात राग आहे की हळहळ, हे प्रसंगावरून कळते. ‘येत्या जूनमध्ये मला या शाळेत वीस वर्षे पूर्ण होतील’ हे ‘बाय जून, आय विल हॅव बीन इन धिस स्कूल फॉर ट्वेंटी इयर्स’ असे सांगतात.

प्रश्न, नकार आणि शब्दांची जागा

प्रश्नात ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ कर्त्याच्या आधी येतो आणि ‘बीन’ मागेच राहतो : ‘हॅज शी बीन पेड?’ उत्तर ‘यस, शी हॅज’ एवढेच पुरते. नकाराचा ‘नॉट’ या दोहोंच्या मध्ये बसतो, ‘बीन’च्या मागे नव्हे, ‘वी हॅव बीन नॉट गेटिंग’ हे चूक, ‘वी हॅव नॉट बीन गेटिंग’ हे बरोबर. ‘ऑलरेडी’, ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘रिसेंटली’ यांचीही नेहमीची जागा तीच : ‘द बिल हॅज ऑलरेडी बीन पेड’. ‘येट’ मात्र सहसा वाक्याच्या शेवटी जातो.

एक पत्र दुरुस्त करून पाहू

इमारतीत पाणी येत नाही, म्हणून रहिवाशांनी गुरुवारी पाणीपुरवठा विभागाला असे पत्र लिहिले आहे असे समजा : ‘वी आर लिव्हिंग इन धिस बिल्डिंग सिन्स टेन इयर्स. वॉटर इज नॉट कमिंग फ्रॉम लास्ट फोर डेज. वी हॅड कम्प्लेन्ड ऑन मंडे. युवर ऑफिसर हॅज बीन केम ऑन ट्यूजडे अँड ही हॅड टोल्ड दॅट पाइपलाइन इज डॅमेज. बट स्टिल नो वर्क इज डन.’

पहिल्या वाक्यात राहणे दहा वर्षांपासून आजपर्यंत चालू आहे आणि ‘दहा वर्षे’ ही लांबी आहे, म्हणून ‘वी हॅव बीन लिव्हिंग इन धिस बिल्डिंग फॉर टेन इयर्स’. दुसऱ्या वाक्यात ‘पाणी येत नाही’ हा मराठीचा ढंग सोडून ‘देअर हॅज बीन नो वॉटर सप्लाय फॉर द लास्ट फोर डेज’ असे लिहावे. पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हे अधिक ओळखीचे असते. तिसऱ्या वाक्यात ‘सोमवारी’ असल्यामुळे काळ बंद आहे आणि सोमवारच्या मागे जायचे कारण नाही, म्हणून ‘हॅड’ काढून ‘वी कम्प्लेन्ड ऑन मंडे’. चौथ्या वाक्यातील ‘हॅज बीन केम’ ही तीन रूपांची खिचडी आहे; अधिकारी मंगळवारी आले आणि त्यांनी सांगितले, दोन्ही साध्या भूतकाळात. वाहिनी फुटली ती मात्र त्यांच्या सांगण्याच्या आधी, म्हणून इथे ‘हॅड बीन’ला खरी जागा आहे : ‘युवर ऑफिसर केम ऑन ट्यूजडे अँड टोल्ड अस दॅट द पाइपलाइन हॅड बीन डॅमेज्ड’. शेवटचे वाक्य ‘द रिपेअर वर्क हॅज नॉट बीन स्टार्टेड येट’ असे करावे. तिथे ‘वॉज नॉट स्टार्टेड’ लिहिले तर प्रकरण मागे पडले असे वाटू शकते. ‘हॅज नॉट बीन’ने ते आजपर्यंत तसेच पडून आहे हे स्पष्ट होते, आणि तक्रारीत तेच हवे असते.

पाणी सहा दिवसांनी सुरू झाले आणि त्या दिवसांची पाणीपट्टी माफ करण्यासाठी पुन्हा पत्र लिहायचे ठरले, तर तेच वाक्य ‘देअर वॉज नो वॉटर सप्लाय फॉर सिक्स डेज’ असे बदलावे लागेल. ‘हॅज बीन’ तसाच ठेवला तर विभाग पुन्हा एकदा माणूस पाठवून नळाला पाणी आहे की नाही, हे तपासेल.